दिवसा गावात कोण असतं

बंबखान्यात एकवीस खुंट्या होत्या. दोन रिकाम्या. उरलेल्या एकोणीस खुंट्यांवर एकोणीस हेल्मेटं आणि एकोणीस जाड कोट होते. बाकाखाली बुटांचे अठरा जोड होते, कारण एक जोड टाच बदलायला गेला होता. सहा जणांची एक लाल गाडी, एक पंप, होजपाइपची चौदा भेंडोळी, गवतातली आग झोडपायचे पोलादी पट्ट्यांचे पाच लांब झाडू. सगळं पुसलेलं, सगळं जागच्या जागी. आणि माणसं चार.

सायरन वाजून थांबला होता. मार्चमधल्या मंगळवारची दुपार होती; पातळ ऊन आणि बोचरा वारा. वेंडेनरोड हॅनोव्हरपासून गाडीने पाऊण तासावर. आग कुठेच लागली नव्हती. आसपासच्या सात गावांचा कारभार पाहणाऱ्या राथाउसमधून एक तरुण अधिकारी न सांगता आला होता आणि त्याने परीक्षा म्हणून अलार्म दिला होता. निळं जाकीट, हातात टॅब्लेट. तो दारात उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. रस्त्यावर एक मांजर होतं.

"बाकीचे?" त्याने विचारलं.

बंबखान्याचा प्रमुख हिनर्क ओल्टमान गाडीला टेकून उभा होता. त्रेसष्ट वर्षांचा शेतकरी, रुंद खांदे, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. "येतायत," तो म्हणाला. "रस्त्यात असतील."

अधिकाऱ्याने मान हलवली. त्याला घाई नव्हती, आणि खरं तर त्याला हेच उत्तर चाललं असतं. पण हिनर्कच्या शेजारी उभी असलेली चारुलता म्हणाली, "नाही, रस्त्यात नाहीत. अकरा जण कारखान्यात शिफ्टवर आहेत. तिघं हॅनोव्हरला ऑफिसात. एक जण हॉस्पिटलात आहे. पाचच्या आत कुणी येऊ शकणार नाही."

ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. पुण्यात आणि मग इथे मिळून नऊ वर्षं तिने एकच काम केलं होतं: जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही, असं सांगणं. वाक्य संपल्यावर तिच्या लक्षात आलं की गाडीमागे उभे असलेले दोघं, निवृत्त गवंडी बोडो आणि हिनर्कची सून गेझा, दोघंही जमिनीकडे पाहतायत.

अधिकारी 'चार' असं म्हणाला आणि त्याने ते टॅब्लेटवर भरलं. गाडी बाहेर काढायला सहा लागतात. दिवसा सहा जमत नसतील, तर ते ठाणं शेजारच्या मोठ्या ठाण्यात विलीन करायचं, असं राथाउसचं धोरण होतं. तो सगळ्यांशी हात मिळवून निघून गेला.

हिनर्कने दिवे बंद केले. "तुमचा कोट खुंटीवर नीट लावा," तो चारुलताला म्हणाला.

अग्निशमन दलात पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. दीड वर्षापूर्वी त्याने तिला हेल्मेट दिलं तेव्हापासून तीही 'तू' होती. आज ती 'तुम्ही' झाली. तिने कोट नीट लावला.

*

"मग काय विझवलंत आज?" दार उघडता उघडता सासूबाई म्हणाल्या. मनोरमाबाई गेल्याच आठवड्यात वाईहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. "सूनबाई निघाल्या गावची आग विझवायला, आणि इथे कुकर बोंबलतोय. तुझा तो सायरन आणि कुकर एकाच वेळी! मला कळेना कोणाकडे धावायचं."

"परीक्षा होती आई. आम्ही नापास झालो."

"तू? तू कधी नापास झालीस?"

चारुलताने घडलं ते सांगितलं. मनोरमाबाईंनी वरणाला फोडणी दिली, झाकण ठेवलं, आणि मग म्हणाल्या, "अगं, पाहुण्यासमोर घरच्या माणसाला खोटं पाडतात का?"

"ते खोटंच होतं पण."

"म्हणूनच विचारतेय."

संध्याकाळी तिचा नवरा हृषिकेश आला. तो गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. ऑर्डर कमी झाल्यामुळे हल्ली कुर्त्सआर्बाइट होतं, आठवड्यात तीनच दिवस काम. त्यामुळे तो आधीच वैतागलेला असे. "तू कशाला पडतेस त्यांच्या भानगडीत?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत या गावाने कोणाला मतं दिली ते बघितलंस ना? तिघांतल्या एकाने. बेकरीत तीन माणसं उभी असली की मी मनात मोजतो, यांतला कुठला."

"मीही मोजते."

"मग?"

"मला कळत नाही, म्हणून तर मोजते."

स्पृहा, त्यांची आठ वर्षांची मुलगी, भातात तूप कालवत होती. "हिनर्क इस्ट नेट," ती म्हणाली. हिनर्क चांगला आहे. "त्याने मला ट्रॅक्टरवर बसवलं होतं."

"मराठीत बोल," आजी म्हणाली.

"चांगला आहे," स्पृहा म्हणाली आणि पुढचं जर्मनमध्येच बोलली.

चारुलताला तो निकाल पाठ होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या संसदेच्या निवडणुकीत, परदेशी लोकांना परत पाठवा म्हणणाऱ्या त्या पक्षाला वेंडेनरोडमध्ये ३१.४ टक्के मतं मिळाली होती आणि ओढ्यापलीकडच्या हार्कझेनमध्ये ३०.८. दोन्ही गावं नऊशे-हजार वस्तीची, दोन्हीकडे एकच बस, कामाला त्याच कारखान्यांत जाणारी माणसं, त्याच बारीक वाळूची माती. चाळीस वर्षं दोन्ही गावं कामगारांच्या पक्षाला मत देत आली होती, आणि मग दोन निवडणुकांत हे. टीव्हीवर उत्पन्न, वय, शिक्षण असे तक्ते दाखवत. पण उत्पन्न कमी झालं नव्हतं. वय वाढलं होतं, ते सगळ्यांचंच वाढतं. तिला त्या तक्त्यांत गाव सापडत नव्हतं.

*

शुक्रवारी बेकरीची गाडी चर्चसमोर उभी राहते. गावात बेकरी उरलेली नाही. चारुलता रांगेत चौथी होती. पुढच्या दोघी बायका बोलत होत्या, ती आल्यावर थांबल्या. एकीने तिच्याकडे पाहून "मोर्गन" म्हटलं, पण पूर्वीसारखं पोरगी कशी आहे ते विचारलं नाही. पाव घेऊन त्या गेल्या आणि पुन्हा बोलायला लागल्या.

शनिवारी होजपाइप धुवायचे होते. वीस मीटरचा एक पाइप कोरडा असताना उचलता येतो. ओला झाला की तो मेलेल्या जनावरासारखा हातातून सांडतो. चारुलताला सगळेच्या सगळे धुवायला दिले. कोणी तसं ठरवलं नव्हतं. फक्त ब्रश घ्यायला कोणी पुढे आलं नाही. ती गुडघ्यांवर बसून घासत होती. पाणी इतकं थंड होतं की थोड्या वेळाने हात आहेत की नाहीत हे तिला पाहून खात्री करावी लागत होती.

शेवटी हिनर्क दुसरा ब्रश घेऊन समोर बसला. तोही घासू लागला.

"मी खोटं बोलत होतो," तो म्हणाला. "ते मलाही कळतं."

"मला माफ करा. मी विचार केला नाही."

"विचार केलात म्हणूनच तर बोललात." त्याने पाइप उलटा केला. "आल्झो, तर ऐका. मी लहान होतो तेव्हा इथे शाळा होती. मग एक माणूस आला, त्याने मुलं मोजली. शाळा गेली. मग बँकेची शाखा. तिथेही कोणीतरी आलं होतं, दिवसाला किती माणसं येतात ते मोजायला. मग डॉक्टर. मग संध्याकाळची बस. त्या वेळी तर एक मुलगी महिनाभर बसमध्ये बसून चढणारी माणसं मोजत होती. गोड पोरगी होती, माझ्या बायकोने तिला केक दिला." तो हसला नाही. "प्रत्येक वेळी मोजणारा बरोबर होता. एकदाही चुकला नाही. आम्ही खरोखरच कमी होतो."

चारुलता ब्रश हातात धरून बसून राहिली. तिने आयुष्यभर मोजणं हे निर्मळ काम मानलं होतं. हात न लावता केलेलं काम. तिच्यासमोर बसलेल्या माणसाने साठ वर्षं मोजून घेतलं होतं. तक्त्यात जे सापडत नव्हतं ते इथे थंड पाण्यात, अर्ध्या बोटाच्या हातात होतं.

"दिवसा गावात खरंच कोणी नसतं का?" तिने विचारलं.

"पोरं कारखान्यात. आणि तुमची नवी वस्ती तर झोपायलाच येते."

"मी झोपायला येत नाही. मी दिवसभर इथे असते."

"तुम्ही एकट्या."

 घरी जाताना तिच्या डोक्यात ते चालू राहिलं.

*

उत्तर तिच्या दारातच होतं, आणि ते पुठ्ठ्याचं होतं. तिच्या ओसरीत त्या दिवशी पाच पार्सलं पडली होती, त्यातलं एकही तिचं नव्हतं. जर्मनीत घरी कोणी नसलं की पार्सलवाला शेजारी देतो. जो दिवसा दार उघडतो त्याच्याकडे गल्लीतली सगळी खोकी जमतात. आणि तिची स्वतःची पार्सलं? ती आंघोळीला गेली किंवा मीटिंगमध्ये असली की ती निळ्या दाराच्या घरी जात, कधी कोपऱ्यावरच्या वेदांगकडे, कधी एका नर्सबाईंकडे.

सोमवारी पिवळी गाडी आली तेव्हा तिने पार्सलवाल्याला थांबवलं. "आमच्या किर्शगार्टन वस्तीत दिवसा दार कोण उघडतं?"

"तुला कशाला?" तो तिच्याहून लहान होता, घामाघूम. "बरं. तू. तो हेडफोनवाला इंडर, तुझ्याच देशातला. निळं दार. नर्स, पण दोननंतर, त्याआधी बेल मारली तर शिव्या देते. सतरा नंबर. बावीसमधला बारीक मिश्यांचा. आणि ती बाई, जिचा कुत्रा मला चावला."

ती थेट हिनर्कच्या शेतावर गेली. तो खतपेरणीचं यंत्र साफ करत होता. तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांना मी ओळखत नाही."

"मीही नाही. मी फक्त त्यांची पार्सलं ओळखते."

यावर तो थोडासा हसला, असं तिला वाटलं.

एप्रिलभर ते दोघं संध्याकाळी दारोदार गेले. किर्शगार्टन ही नवी वस्ती पूर्वी चेरीची बाग होती, हिनर्कच्या वडिलांची. ती विकल्यानंतर तो एकदाही या रस्त्यावर पायी आला नव्हता. प्रत्येक दाराशी तो पायपुसण्यावर बूट पुसायचा, आत जायचं नसलं तरी. एका घरापाशी थांबून म्हणाला, "इथे सगळ्यात जुनं झाड होतं," आणि मग त्या घराच्या बाथरूमच्या खिडकीकडे पाहून बेल मारली.

बोलायचं चारुलताने. हिनर्क बाजूला उभा राही. निळ्या दारात मॅन्युअलची भाषांतरं करणारा एक उंच माणूस होता, पायांत सपाता. "मला उंचीची भीती वाटते," तो म्हणाला.

"आमच्याकडचं सगळ्यात उंच घर दोन मजली आहे," हिनर्क म्हणाला. पहिल्यांदाच तो मध्ये बोलला होता.

"आगीचीही वाटते."

"गेनाऊ, बरोबर. ती आम्हालाही वाटते."

नर्सबाईंचं नाव बेआटा, मूळ पोलंडच्या. त्या रात्रपाळी करत आणि दुपारपर्यंत झोपत. "दोननंतर आग लागली तर येईन," त्या म्हणाल्या. हिनर्कने ते गंभीरपणे मान्य केलं.

वेदांग मालवणचा, सव्वीस वर्षांचा, घरून काम करणारा. "वहिनी, खरं सांगा, युनिफॉर्म मिळतो का?"

"मिळतो."

"सायरन वाजला की मीटिंग सोडून पळायचं?"

"कायद्याने सुट्टी द्यावी लागते."

"मग कुठे सही करू? माझी मंगळवारची मीटिंग म्हणजेच आग आहे."

हिनर्कने विचारलं, तो काय म्हणतोय. चारुलताने भाषांतर करून सांगितलं. आता हिनर्क खरंच हसला. त्याचा एक दात सोन्याचा होता हे तिला तेव्हा कळलं.

*

मे महिन्यात सहा नवी माणसं शिकायला लागली. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी. भाषांतरकाराची पाठ धरली. वेदांगच्या तळहातांना फोड आले आणि ते त्याने सगळ्यांना दाखवले. कारखान्यातून आलेली गावची पोरं सुरुवातीला हाताची घडी घालून उभी राहत. मग एक दिवस गाठ चुकलेली पाहवेना म्हणून एकाने पुढे येऊन बेआटाच्या हातातली दोरी घेतली आणि दाखवली. मग दुसऱ्याने. जूनमध्ये मनोरमाबाई परत जायच्या आधी त्यांनी एका शनिवारी डबाभर खमंग काकडी आणि थालीपिठं पाठवली. ती उभ्याउभ्या संपली. बोडो गवंडी बोटं चाटून म्हणाला, "याला काय म्हणतात?" आणि स्पृहाने जर्मनमध्ये समजावून सांगितलं, जे कोणालाच कळलं नाही.

पाणी सुरू झालं की होजपाइप जिवंत होतो. पहिल्या खेपेला चारुलताने नोझल धरलं होतं तेव्हा जोराने ती दोन पावलं मागे गेली होती. आता वेदांग तिच्या मागे खांदा लावून उभा राही आणि दोघं मिळून तो जोर जमिनीत उतरवत. संध्याकाळी तिचे दंड इतके भरून येत की केस विंचरायला हात वर होत नसत. "भांडी मी घासतो," हृषिकेश म्हणू लागला. तेवढंच. विषय तो काढत नसे.

जूनमध्येच हार्कझेनचीही परीक्षा झाली होती. तीन माणसं आली. तिथला बंबखाना बंद करायचा ठरला, आणि एका सकाळी त्यांची लाल गाडी राथाउसचे लोक घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती असं गेझा सांगत होती.  हार्कझेनच्या लोकांनी कोट मात्र परत दिले नाहीत. वेंडेनरोडला नवी माणसं घेतल्यामुळे सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. मग पुन्हा परीक्षा. सप्टेंबरातच जिल्हासभेची निवडणूक होती.

"गेली आमची गाडी तर मी काय करणार ते मला माहीत आहे," हिनर्क म्हणाला. ते दोघं पंपाचं तेल बदलत होते.

"त्यांना मत?"

त्याने पाना लावून तेलाचा नट सोडवला.

"ते माझ्याबद्दल काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे," चारुलता म्हणाली.

"तुमच्याविरुद्ध माझं काही नाही."

"त्यांचं आहे."

हिनर्कने काळं तेल डब्यात ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवलं. "मग मी काय करू?" तो म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं. "दुसरे सगळे मोजायला येतात. हे येऊन निदान म्हणतात की तुमचं काहीतरी काढून घेतलंय."

"आणि परत देतात?"

"नाही," तो म्हणाला. "अजून तरी काही दिलेलं नाही."

चारुलताला मतदानाचा हक्क नव्हता. तिचा पासपोर्ट भारतीय. वेदांगचाही. बेआटा पोलंडच्या, त्यांना हक्क होता तो जिल्ह्यापुरताच. दिवसा गावात असणाऱ्या माणसांतली निम्मी त्या पेटीपर्यंत पोचतच नव्हती. तिच्या हातात जे होतं ते एवढंच: सायरन वाजला की धावणं. आणि त्यावर सप्टेंबरात बंबखाना राहणार की जाणार ते ठरणार होतं. हिनर्कचं काय ठरणार होतं ते तिला सांगता येत नव्हतं.

*

ऑगस्टमध्ये पाऊस पडला नाही. जुलैतही नीटसा पडला नव्हता. लॉन पिवळे पडले, मग पांढरे. ओढा थांबून डबकी झाली. गहू लवकर कापून झाला आणि शेतात उरलेली धसकटं चालताना काचेसारखी मोडायची.

सायरन वाजला तेव्हा चारुलता मीटिंगमध्ये होती. तिने "फॉयरवेअर", अग्निशमन दल, एवढाच शब्द म्हटला आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकून धावली. बंबखान्यात पोचली तेव्हा हिनर्क इंजिन सुरू करून बसला होता. भाषांतरकार बूट चढवत होता. गेझा. बेआटा, डोळे सुजलेले, अंगात पायजमा आणि त्यावर कोट. "दोन वाजले नाहीत," त्या म्हणाल्या, "पण झोप उडाली." वेदांग सगळ्यात शेवटी, एक हेडफोन अजून गळ्यात. सहा झाले. त्याच्यामागे आणखी दोघं येऊन पोचले. हिनर्कने आरशात पाहिलं. गाडी निघाली.

वेंडेनरोड आणि हार्कझेनच्या मधल्या मोठ्या शेतात गवताच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रातून ठिणगी उडाली होती. ते पोचले तेव्हा आग गुडघ्याएवढीच उंच होती. चारुलताला वाटलं होतं, आग म्हणजे उंच काहीतरी. ही बुटकी होती, पण लांबच लांब, एका रेषेत, आणि जोरात कापड फाडल्यासारखा आवाज करत वाऱ्याबरोबर सरकत होती. चालणाऱ्या माणसाहून जलद. रेषेपलीकडे हार्कझेनची पहिली घरं दिसत होती. रेषेच्या अलीकडे जमीन काळी होत होती आणि त्या काळ्यावरून हवा थरथरत होती, इतकी की पलीकडची घरं पाण्यात असल्यासारखी हलत होती. चारुलता क्षणभर नुसती पाहत राहिली. तिला भीती वाटली नाही; तिला वाटलं की एवढी नीट, एवढी सरळ रेषा तिने कधी पाहिली नव्हती.

"चारुलता! नोझल! तू आणि वेदांग, डावीकडून!"

हिनर्क ओरडला होता. ती धावली. पाणी आलं, जोर आला, वेदांगचा खांदा पाठीला लागला. वाफ तोंडावर आली आणि भुवया कुरकुरल्यासारख्या वाटल्या. भाषांतरकार आणि बेआटा पोलादी झाडूंनी कडा झोडपत होते. तो मोजून मारत होता आणि मोठ्याने पोलिशमध्ये शिव्या देत होता, ज्या त्याने नुकत्याच बेआटाकडून ऐकल्या होत्या. गाडीतलं पाणी थोडंसंच. ते संपत आलं आणि रेषा अजून अर्धी उरली होती.

तेव्हा हार्कझेनच्या बाजूने ट्रॅक्टर आले. एकामागून एक, तिरके, जसे पक्षी उडतात तसे. प्रत्येकामागे जमीन फाडणारा लोखंडी नांगर. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. धूर दिसला होता. ते आगीच्या पुढून गेले आणि मागे उलटलेल्या मातीचा रुंद काळा पट्टा ठेवत गेले. धुळीचा डोंगर उठला, सूर्य तांबडा झाला. त्यांच्यामागे शेणखताचे टँकर, आत ओढ्यातलं उरलेलं डबक्यांचं पाणी, तोंडातून पंख्यासारखं उडवत. आगीची रेषा त्या मातीपर्यंत आली, थोडी उंच झाली, इकडे तिकडे खायला काही आहे का पाहिल्यासारखी झाली, आणि विझली. सगळी एकदम नाही. तुकड्यातुकड्याने.

चारुलताचे हात नोझलवरून सुटत नव्हते. वेदांगने ते एकेक बोट करून सोडवले. "वहिनी," तो म्हणाला, "श्वास घ्या."

पहिल्या ट्रॅक्टरमधून उतरलेला माणूस हार्कझेनचा पूर्वीचा प्रमुख होता. अंगात तोच परत न दिलेला कोट. तो हिनर्कशेजारी येऊन उभा राहिला, दोघं काळ्या शेताकडे पाहत.

"गाडी असती तर आम्ही आधी आलो असतो," तो म्हणाला.

"हो," हिनर्क म्हणाला.

मग त्या माणसाने किर्शगार्टनच्या लोकांकडे पाहिलं: पायजम्यातली नर्स, हेडफोनवाला वेदांग, पाठ धरून बसलेला भाषांतरकार. "हे कोण?"

हिनर्कने चेहऱ्यावरची राख हाताच्या पाठीने पुसली, ती आणखी पसरली. "हे दिवसा असतात," तो म्हणाला.

घरी आल्यावर चारुलता ओसरीतच बसली. हृषिकेशने तिचे बूट काढले, न सांगता. तिच्या केसांतून धुराचा वास येत होता. स्पृहा तिच्या भुवयांना बोट लावून पाहत होती. "मामा, त्या अर्ध्याच आहेत," ती जर्मन सवयीने म्हणाली, आणि मग आठवून, "आई."

"हिनर्कने तुला काही म्हटलं?" हृषिकेशने विचारलं.

"नोझल घे म्हणाला."

"एवढंच?"

"तू घे म्हणाला."

*

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तोच अधिकारी आला, त्याच निळ्या जाकिटात. सायरन वाजला. तो दारात उभा राहिला आणि येणाऱ्या माणसांकडे पाहू लागला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळे बूट चढवत होते. गाडी निघायच्या आधी त्याने विचारलं, "बाकीचे?"

हिनर्कने चारुलताकडे पाहिलं. "सांग."

"बाकीचे कारखान्यात आहेत," ती म्हणाली. "लागत नाहीत."

वेंडेनरोडचं ठाणं पुढची पाच वर्षं ठेवायचं असं राथाउसने कळवलं. गेझाने ते पत्र फळ्यावर टाचलं. त्या शनिवारी होजपाइप धुताना हिनर्क समोर बसला होता, आणि उद्या मतदान होतं. चारुलताने विचारलं नाही. तोच म्हणाला, "ते मी तुला सांगणार नाही."

"मी विचारलं नाही."

"तू मोजतेस. मला माहीत आहे."

"मोजते," ती म्हणाली. "पण तुला वगळून."

त्याने ब्रश पाण्यात बुडवला. दोघांनी पाइप उलटा केला.

रविवारी हृषिकेशने दुपारी पोहे केले. दिवसभर लोक चर्चशेजारच्या हॉलमध्ये जात-येत होते. किर्शगार्टनमधून भाषांतरकार गेला, बेआटा गेल्या, दोन्ही गल्ल्यांतली म्हातारी माणसं काठ्या टेकत गेली. चारुलता आणि वेदांग कुंपणापाशी उभे राहून पाहत होते. वेदांग म्हणाला, "बघा ना वहिनी, माणूस आत जाऊन पडद्यामागे एक फुली मारतो, बाहेर येतो, आणि तोंडावर काहीच दिसत नाही." तिने मान हलवली. तिलाही तेच विलक्षण वाटत होतं.

सोमवारी संध्याकाळी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर गावनिहाय आकडे आले. त्या पक्षाची मतं, आधी फेब्रुवारीतल्या निवडणुकीत आणि आता जिल्हासभेसाठी:

हार्कझेन: ३०.८ टक्के, आता ३९.६.

वेंडेनरोड: ३१.४ टक्के, आता २७.१.